केराची पाटी आमच्या दारावर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून काहीतरी येतं आणि मी ते न चुकता वाचतो. त्यात दोनच प्रकारची माणसं भेटतात. काहींचं सगळं झकास चाललेलं असतं, सोबत बर्फात उभं राहून काढलेला फोटोही असतो. बाकीच्यांना घरच्या आठवणीने रात्र रात्र झोप नसते. आम्ही या दोन्हींत बसत नाही. तीन वर्षं झाली, आम्हाला झोप व्यवस्थित लागते आणि आमचं सगळं झकासही चाललेलं नाही. तेव्हा हे पत्र मधल्या लोकांचं समजा. शिवाय सरकारकडे एक मागणं आहे, ते शेवटी. आधी हकिकत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही चौघं पुण्याहून जर्मनीत स्टुटगार्टला आलो. नोकरी बायकोची. मोटारींच्या आत जे इलेक्ट्रॉनिक असतं त्यातलं तिला कळतं, आणि हे शहर मोटारींवरच जगतं. मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात सोळा वर्षं काढली, राजीनामा दिला आणि निघालो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, मुलगा चारचा. व्हिसाच्या कागदांवर मी आणि मुलं एकाच रकान्यात होतो, ‘सोबत येणारे’.

इथे एक नियम आहे. युरोपीय ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, येणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला येण्याआधी जर्मन येत असल्याचा दाखला द्यावा लागत नाही. इतर अनेकांच्या जोडीदारांना ‘ए-वन’ ही पहिली पायरी पार करावी लागते, आम्हाला सूट होती. निघायच्या सहा महिने आधी बायको म्हणाली होती, “मॅक्स म्युलर भवनला नाव घाल ना, तुला संध्याकाळचा वेळ आहे.” मी म्हणालो, सूट आहे. कर्ज विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला सूट या शब्दाचं भारी प्रेम असतं. त्या सहा महिन्यांच्या संध्याकाळी मी निरोपाच्या जेवणांना घालवल्या.

आल्यावर पहिलं काम नोंदणीचं. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, घरमालकाने सही केलेला दाखला सोबत लागतो. ते झालं की पत्रं यायला लागतात. फोनवर निरोप नाही, मेसेज नाही, कागद. अकरा आकडी करक्रमांक पत्राने येतो, आरोग्य विम्याचं कार्ड पत्राने येतं, बँकेचं कार्ड एका पत्राने आणि त्याचा पिन दुसऱ्या पत्राने. टीव्ही असो नसो, सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी दर घरटी महिना १८.३६ युरो भरायचे असतात, त्याचंही पत्र येतं.

बायकोची आणि मुलांची पत्रं आली. माझं एकही येईना. दोन महिने मी रोज खाली जाऊन पेटी उघडायचो. शेवटी इमारतीतल्या एका शाळकरी पोराने इंग्रजीत सांगितलं की पेटीवर तुमचं नाव नाही. बायकोने लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, घराचा करार तिच्या नावावर, म्हणून पेटीवर आणि घंटीवर तिचंच आडनाव. पोस्टमन पेटीवर नाव बघतो, नसलं की पत्र परत पाठवतो. त्याच्या लेखी मी त्या घरात राहतच नव्हतो. त्याचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही. मी कागदाच्या पट्टीवर सुवाच्य अक्षरात आडनाव लिहून ते चिकटपट्टीने लावलं. बँकेत असताना माझ्या नावाची पितळी पाटी होती, पण ती लावताना इतकं समाधान वाटलं नव्हतं.

कचरा वेगळा करण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ छापून आलंय, ते सोडतो. फक्त एवढंच, की काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नसतात. पेटीत पडताना आवाज होतो, आणि रविवार शांततेचा. मला ही गोष्ट आवडली.

पण खरी गंमत जिन्याची. स्टुटगार्ट आणि आजूबाजूच्या श्वाबियन मुलखात एक प्रथा आहे, तिचं नाव ‘केरवोखं’. वोखं म्हणजे आठवडा. केर म्हणजे काय असेल? झाडणं. मी शब्दकोश दोनदा उघडून बघितला, कारण भाषा माझी थट्टा करते आहे असं वाटलं. इमारतीतल्या प्रत्येक घराने आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. मोठी पाळी असेल तर तळघर, अंगण, बाहेरची पायवाट आणि हिवाळ्यात तिच्यावरचं बर्फही. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी टांगलेली असते. काम झालं की आपण ती काढून शेजारच्या दारावर लावायची. दर आठवड्याला आपला उकिरडा गावाबाहेर न्यावा, असा नियम स्टुटगार्टच्या १४९२ च्या नगरनियमांत सापडतो म्हणतात. कोलंबस निघाला त्या वर्षी ही मंडळी झाडलोटीचा विचार करत होती.

पहिल्यांदा पाटी आमच्या दारावर आली तेव्हा मी ती सजावट समजलो. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. मग रविवारी सकाळी, सुट्टी बघून, मी बादली-फडकं घेऊन जिन्यावर उतरलो आणि मन लावून पुसायला लागलो. तळमजल्यावरच्या आजी दार उघडून बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या. त्या काय बोलल्या ते कळलं नाही, सूर मात्र कळला. तो आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा सूर होता. रविवारी काम करायचं नसतं, शनिवारी संपवायचं, हे मला बायकोच्या ऑफिसातल्या कुणीतरी सोमवारी सांगितलं.

पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली तेव्हा तिला ही पाटी दिसली. मी जिना पुसतोय हे बघून ती म्हणाली, “बँकेत साहेब होतास आणि इथे येऊन जिने झाडतोस?” मी म्हटलं, आई, वरच्या मजल्यावर दाताचा डॉक्टर राहतो, पुढच्या आठवड्यात तो झाडणार आहे. तिचा विश्वास बसला नाही. पुढच्या शनिवारी ती मुद्दाम दार किलकिलं करून उभी राहिली, डॉक्टर दिसला, आणि मग तिने पुण्याला माझ्या बहिणीला फोन लावला. फोनवर माझा उल्लेख नव्हता. डॉक्टर कोपरे नीट काढत नाही, एवढंच बोलणं झालं.

आता मुलीकडे येतो, कारण या पत्रातलं निम्मं तिचं आहे.

तिला शाळेने आधी तयारीच्या वर्गात घातलं. ज्या मुलांना जर्मन येत नाही त्यांच्यासाठी या राज्यात असे वर्ग असतात. भाषा ती भराभर उचलत होती, अडली ती आकड्यांवर. पुण्यात ती इंग्रजी माध्यमात होती. सिक्स्टी-सेव्हन तिला यायचं, सदुसष्ट म्हटलं की ती माझ्याकडे पाहायची. जर्मनमध्ये सदुसष्टला ‘झीबन-उंट-झेखत्सिश’ म्हणतात, म्हणजे सात-आणि-साठ. आधी एकक, मग दशक. ती ऐकून ७६ लिहायची आणि रडायची.

मला हे दिसलं तेव्हा जे वाटलं ते कसं सांगू! एकवीस, बावीस, त्रेपन्न, सदुसष्ट. आपण तरी वेगळं काय करतो? आपणही सुटे आधीच मोजतो. मी तिला बसवून मराठी आकडे शिकवायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी फोनवर आजी विचारायची, नात उत्तर द्यायची, आधी मराठीत, मग जर्मनमध्ये. एकोणतीसपाशी मात्र गाडी अडायची. आपण तिशीतून एक उणा करतो, हे लोक सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात. ती म्हणाली, “बाबा, आपलेच आकडे जास्त अवघड आहेत.” बरोबर आहे तिचं. दोन महिन्यांत तिचे दोन्हीकडचे शंभरपर्यंतचे आकडे पक्के झाले. पुण्यात आठ वर्षांत जे झालं नाही ते स्टुटगार्टला झालं, आणि तेही जर्मनच्या कृपेने.

आपल्या वाचकांना आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मी तेव्हा चहाच्या टेबलावर नव्या पद्धतीच्या बाजूने भांडलो होतो. जोडाक्षरं कमी, मुलांना सोपं, हे मला पटलं होतं. आजही ते चूक होतं असं म्हणणार नाही. पण आमच्या घरापुरतं मी माझं मत मागे घेतलं आहे.

घड्याळाचंही तसंच. तळमजल्यावरच्या आजींनी, जिन्याचं प्रकरण निवल्यावर, एकदा मला आणि मुलांना कॉफीला बोलावलं. वेळ सांगितली ‘फिअर्टल फिअर’. फिअर्टल म्हणजे पाव आणि फिअर म्हणजे चार एवढं मला कळत होतं. सव्वाचार, मी हिशोब केला. आम्ही सव्वाचारला गेलो तेव्हा टेबलावरचा केक झाकून ठेवलेला होता आणि आजींचा चेहरा त्या रविवारसारखा होता. त्यांनी आम्हाला सव्वातीनला बोलावलं होतं. श्वाबियन बोलीत ‘पाव चार’ म्हणजे चौथ्या तासाचा पाव भाग झाला, म्हणजे सव्वातीन. ‘अर्धे चार’ म्हणजे साडेतीन. आणि ‘पाऊण चार’? पावणेचार. तिथे मात्र आपलं त्यांचं जुळतं. आमची सोबत पावणेचारलाच होते, बाकी वेळी आम्ही तासाभराने चुकतो. आता मी कुठेही जायचं असलं की वेळ कागदावर आकड्यांत लिहून घेतो आणि आजी तो कागद तपासतात.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण पहिलं वर्षभर मला स्वतःला काही येत नव्हतं. मी मुलीला आकडे शिकवत होतो तो मराठीच्या बळावर. दुकानात बोट दाखवायचो, शाळेतली पत्रं फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून वाचायचो. शाळेत पालकसभा असते, ती संध्याकाळी, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून. दीड तास मी गुडघे हनुवटीशी घेऊन मान डोलावत बसलो. घरी आल्यावर मुलीने टिपण वाचून सांगितलं की तुम्ही शाळेच्या कार्यक्रमासाठी दोन केक करून आणणार आहात. मी केक करू शकत नाही. ते शेवटी डॉक्टरच्या बायकोने केले.

मुलीला जर्मन यायला लागलं तशी माझी सोय झाली. पार्सलवाला आला, तिला पुढे कर. नळ गळतो, फोन तिला दे. मला वाटायचं पोरगी चुणचुणीत आहे, चारचौघांत कौतुकही करायचो. ती नऊ वर्षांची होती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मला मूळव्याधीचा त्रास सुरू झाला. बायको चार दिवस बाहेरगावी गेलेली. आमच्या भागातल्या डॉक्टरांना इंग्रजी जेमतेम येतं. मी शाळा सुटल्यावर मुलीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं. ती एकदम गप्प झाली. मग माझ्या कानाशी तोंड आणून, तिथे मराठी कळणारं दुसरं कुणी नसताना, अगदी हळू आवाजात म्हणाली, “बाबा, ते विचारतायत की शी करताना रक्त येतं का.”

मी म्हणालो, “नाही म्हण.”

तिने ‘नाइन’ म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. अजून दोन-तीन प्रश्न आले. मी सगळ्यांना नाही म्हणत गेलो, कारण हो म्हटलं तर पुढचा प्रश्न तिला विचारावा लागला असता. आम्ही एक मलम घेऊन निघालो. श्टाटबानमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, ती खिडकीकडे बघत म्हणाली, “पण आईला तर तू फोनवर हो म्हणालास.”

बाहेर अंधार होता. नोव्हेंबरात इथे पाच वाजायच्या आत मावळतं. मी काही बोललो नाही.

दोन आठवड्यांनी बायको अर्ध्या दिवसाची रजा टाकून माझ्यासोबत आली, तिने आणि डॉक्टरांनी तुटक्या इंग्रजीत निभावून नेलं, औषध बदललं, त्रास गेला. पण जानेवारी २०२४ मध्ये मी रोटेब्यूल चौकातल्या फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे लोकांसाठीच्या शिक्षणसंस्थेत, पहिल्या पायरीच्या वर्गाला नाव घातलं. पुण्यात जे फुकटच्या संध्याकाळी करायचं ते बेचाळिसाव्या वर्षी सकाळी आठला उठून, मुलाला बालवाडीत सोडून केलं.

वर्गात युक्रेनची एक शिक्षिका होती, ब्राझीलचा एक आचारी, सीरियाच्या दोघी बहिणी. सगळे ‘डेर, डी, डास’ला वैतागलेले. घरी माझा मुलगा डास ऐकून हात आपटत फिरायचा, तो भाग वेगळा. पण तो-ती-ते म्हटलं की मला त्यात नवं काहीच नव्हतं. युक्रेनच्या बाईंनाही नव्हतं, त्यांच्याकडेही तीन लिंगं आहेत. ब्राझीलवाल्याकडे दोनच, तो आमच्याकडे संशयाने बघायचा. अर्थात नुसती तीन लिंगं असून भागत नाही. चमचा, काटा, सुरी घ्या. आपल्याकडे तो चमचा, तो काटा, ती सुरी. त्यांच्याकडे तो चमचा, ती काटा, ते सुरी. तिघांत एकटा चमचा जुळला. मुलगीसुद्धा त्यांच्याकडे ‘ते’ आहे. आमच्या बाईंना वाटलं मला हे विचित्र वाटेल. मला ‘ते पोर’ आठवलं आणि मी पुढच्या पानावर गेलो.

तू आणि तुम्हीचं तर शिकवावंच लागलं नाही. मोठ्यांना, अनोळखी माणसांना, कार्यालयात ‘झी’, घरात आणि मित्रांत ‘डू’. तळमजल्यावरच्या आजींशी आमचं अजून ‘झी’च चालू आहे. डूवर यायचं की नाही हे मोठ्या माणसाने ठरवायचं असतं. त्यांनी अजून ठरवलेलं नाही आणि मला घाई नाही.

दीड वर्षात मी ‘बी-वन’पर्यंत, म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंत, पोचलो, या उन्हाळ्यात परीक्षा झाली. सप्टेंबरपासून एका छोट्या करसल्लागाराच्या कार्यालयात आठवड्याला वीस तास काम करतो. लोकांच्या पावत्या तारखेप्रमाणे लावायच्या. सोळा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने हे करावं का, हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी विचारला. पावत्या जर्मनमध्ये असतात, हे उत्तर त्यांना पटलं नाही.

एक उलटापालट मात्र झाली. बायकोच्या कार्यालयात सगळं इंग्रजीत चालतं. तिची टीम पाच देशांची आहे. तीन वर्षं इथे काम करून तिला माझ्याएवढं जर्मन येत नाही, कारण तिला त्याची गरजच पडत नाही. शाळा, दवाखाना, जिना आणि पत्रपेटी यांचा कारभार जर्मनमध्ये चालतो, आणि तो माझ्याकडे आहे. आता पेटीतलं पत्र तिच्या नावाचं असलं तरी ती ते माझ्यासमोर ठेवते. “वाच आणि घाबरायचं असलं तर सांग,” म्हणते. ती दमून येते, संध्याकाळी वर्गाला जायची ताकद नसते, हे मला दिसतं. तिला मी कुठल्या तोंडाने बोलू?

मुलगी गेल्या वर्षीपासून पाचवीपासूनच्या मोठ्या शाळेत जाते. चौथीत असताना इथे पोलीस येऊन मुलांना रस्त्यावर सायकल चालवायला शिकवतात आणि परीक्षा घेतात. ती त्यात उत्तीर्ण झाली, त्याचा दाखला फ्रिजवर लावलेला आहे. माझी बी-वनची परीक्षा झाल्यावर तिने सायकलचा दाखला जरा बाजूला सरकवून माझ्या प्रमाणपत्राला जागा करून दिली. आता दारावर कुणी आलं तर ती खोलीतून ओरडते, “बाबा, तू बघ!” ते ऐकायला मला फार बरं वाटतं.

आता मागणं.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्या राज्याची स्टुटगार्ट ही राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला दहा हजार तरुण जातील, त्यांना जर्मन शिकवलं जाईल, ही बातमी मी आपल्याच अंकात वाचली. मी तेव्हा पहिल्या पायरीच्या वर्गात ‘माझं नाव अमुक, मी भारतातून आलो’ घोकत होतो. बातमी चांगली वाटली. रुग्णसेवा, वीजकाम, गाडीदुरुस्ती करणाऱ्यांना इंग्रजीवर निभावता येणार नाही, त्यांना शिकवायलाच हवं.

पण त्या दहा हजारांतले सगळे एकटे राहणार नाहीत. कुणाची बायको येईल, कुणाचा नवरा, पाठोपाठ मुलं. नोकरी करणाऱ्याला कामावर बोलायला सहकारी मिळतात, चुकलं तर सुधारणारं कुणी असतं. मागे घरी राहणाऱ्याला पहिल्या वर्षी बोलायला मिळतात ती फक्त स्वतःची मुलं. मुलं सगळ्यांच्या आधी शिकतात आणि मग घरातला दुभाषा कोण होणार हे आपोआप ठरतं. तेव्हा ज्या वर्गांत तरुण शिकणार आहेत त्याच वर्गांत त्यांच्या जोडीदारांनाही बसू द्यावं. व्हिसाला पुरतं तेवढंच शिकवून थांबू नये. दवाखान्यात काय बोलायचं, शाळेतल्या पत्राचं उत्तर कसं द्यायचं, पेटीवर कुणाकुणाचं नाव लावायचं, एवढं तरी त्यात असावं. जोडीदारांच्या वर्गासाठी वेगळे पैसे घ्यावे लागले तर घ्यावेत. कर्ज विभागातला माणूस म्हणून सांगतो, या कर्जाची परतफेड होते. आणि ज्यांना माझ्यासारखी सूट मिळणार आहे त्यांना कुणीतरी विमान सुटायच्या सहा महिने आधी गाठावं. माझ्या बायकोने मला गाठलं होतं, पण मी ऐकलं नाही.

हे पत्र छापण्याजोगं वाटलं नाही तरी केराच्या टोपलीत टाकण्याआधी शिक्षण खात्यात कुणाला तरी दाखवावं.

आणखी एक विनंती. माझं नाव छापू नये. वर मूळव्याधीचा उल्लेख आला आहे, आणि माझ्या जुन्या बँकेत अजूनही आपलाच अंक येतो.

आपला,
पूर्वी पुण्याचा एक वाचक,
स्टुटगार्ट

ता. क. – हे लिहिता लिहिता शनिवारची दुपार झाली. पाटी आमच्या दारावर आहे आणि तळमजल्यावरच्या आजींचं दार दोनदा उघडलं आहे.